टोपलीचा पट्टा
आसामातल्या चहामळ्यात नव्या टोपलीसाठी बैठक भरली होती. "टोपलीत काय बदल हवा?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. पानं खुडणाऱ्या बाया मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या. सुकुरमोनीच्या कपाळाला पाठीवरच्या टोपलीचा पट्टा तीस वर्षं काचत होता, पण साहेबांसमोर बोलायचं कसं? तेवढ्यात बैठकीला बोलावलेल्या चित्रकार निपेननं फळ्यावर टोपलीवाली बाई काढली. पट्टा मात्र चक्क गळ्यात! सुकुरमोनी फिसकन हसली. "दादा, बाईला फाशी देताय का?" बाया खिदळल्या. निपेननं मिशीत हसत खडू पुढे केला. "मग तुम्हीच काढा, दीदी!" खडू घेऊन तिनं पट्टा कपाळावर आणला, थबकली, मग पुसून दोन्ही खांद्यांवर काढला. "कपाळ मोकळं ठेवा, साहेब." तोवर बाकीच्यांनी खडू पळवले होते. झाकण, खिसा, पाण्याची बाटली! साहेब वही शोधत ओरडले, "हळू, बायांनो, हळू! लिहून तरी घेऊ द्या!"