हजेरी

दोन हजार तीन साली मोरिवलीच्या समाजमंदिरात रजनीबाई जीन्स शिवायला शिकवायच्या. कंपनीला कुलूप लागल्यापासून घरी बसून असलेले त्यांचे यजमान एक दिवस त्याच वर्गात आले आणि मुकाट्यानं शेवटच्या मशीनवर बसले. इतक्या बायकांत ते एकटेच पुरुष.

पंचाईत व्हायची ती हजेरीला. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी रजनीबाईंनी नवऱ्याचं नाव कधी उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं. त्या शेवटच्या नावापाशी येऊन घुटमळायच्या, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि मागून आपणहून आवाज यायचा, "हजर, मॅडम."

वर्ग संपत आला तेव्हा उल्हासनगरचे एक सिंधी शेठ कारागीर शोधत आले. टेबलावर सगळ्यांनी शिवलेल्या जीन्स ठेवल्या होत्या. शेठनी त्यातली एक उचलली, उलटी केली आणि शिलाईवरून अंगठा फिरवला.

"मॅडम, ये किसका हाथ है? याला उद्यापासून माझ्याकडे पाठवा."

रजनीबाईंनी शिलाई पाहताक्षणीच ओळखली होती. बायका त्यांच्या तोंडाकडे बघू लागल्या. मागे स्टूल सरकलं. यजमान नेहमीसारखे स्वतःच उठायला लागले होते. रजनीबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"मधुकर सीताराम पाटणे," शाळेत पुकारावं तसं त्यांनी खणखणीत नाव घेतलं.

रोज न बोलावता हजेरी देणाऱ्या माणसाला आज ओ देता येईना.