दार उघडू नका

“अहो काकू, उघडा दार! पोलीस आहे मी!” हवालदार गवाणकरांनी वैतागून पुन्हा बेल दाबली.

“पोलीस म्हणे! गणवेश भाड्यानं मिळतो. चालते व्हा!” आतून केळुस्कर काकू कडाडल्या.

गवाणकरांनी कपाळावर हात मारला. केळुस्कर काका बाजारात चक्कर येऊन पडले होते आणि दवाखान्यातल्या खाटेवरून सारखी बायकोची आठवण काढत होते. फोन करावा, तर काकू अनोळखी नंबर उचलत नव्हत्या.

“काका दवाखान्यात आहेत हो! तुम्हाला बोलावतायत.”

“असंच सांगून फसवतात. परवा सोसायटीच्या गणपतीत खऱ्या पोलिसांनी माईकवरून बजावलंय आम्हाला.”

“तो मीच होतो, माझे आई!”

“काहीतरीच! ते चांगले उंचेपुरे होते.”

स्टेजवर चढलं की कोणीही उंच दिसतं, हे आता बंद दाराला काय सांगणार? त्यांनी दारातल्या भिंगासमोर ओळखपत्र धरलं. “असली छापून मिळतात!” समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि लगेच धाडकन लागलं.

शेवटी गवाणकरांनी घसा खाकरला, माईक धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेली आणि सगळा जिना दणाणून सोडला, “बंधू-भगिनींनो! अनोळखी नंबर उचलू नका! पोलीस म्हणून कोणीही आलं, तरी दार उघडू नका!”

खटकन कडी निघाली.

दारात काकू उभ्या होत्या. पायात चपला, खांद्याला पर्स, आणि रडून रडून लाल झालेले डोळे.