हे म्हणतात

"हे म्हणतात, तुम्ही फार छान समजावून सांगता," वकीलसाहेबांची बायको म्हणाली.

वकीलसाहेब तसं काहीच म्हणाले नव्हते. 'ही कालची पोर मला शहाणपण शिकवणार?' असं ते म्हणाले होते. पण जीभ लुळी पडल्यापासून त्यांच्या तोंडून नुसता गुरगुराट निघे आणि तो एकट्या बायकोला कळे. जिला जन्मभर अक्कलशून्य म्हटलं, तिच्याच तोंडानं आता त्यांना बोलावं लागे. ती निम्मं गाळून टाकी आणि उरलेल्यात साखर घाली.

तरुण डॉक्टरबाई पुढे सांगत होती. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरताहेत. हुकूमच पोचत नाही, म्हणून स्नायू वाळतात. वाळता वाळता आतून फडफडतात. जिभेवर दिसतं ते तेच. आधी हात गेले, आता जीभ आणि घसा. बुद्धीला मात्र धक्का नाही.

साहेब बायकोकडे बघून गुरगुरले, 'पेशी मेल्या म्हणे! हिच्या डोक्यात तर जन्मतःच नव्हत्या. ही कशी हिंडते-फिरते?'

"हे म्हणतात, नीट समजलं."

"मग आता निर्णय हवा. घास श्वासनलिकेत जातोय. पोटात नळी बसवली तर अन्न थेट जाईल, आयुष्य थोडं वाढेल. नाहीतर…" डॉक्टरबाई थांबली. "नळीतून काकूंनी भरवायचं. मी शिकवीन त्यांना. बसवायची का, साहेब?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. खोटं बोलताना पकडलेल्या साक्षीदाराकडे बघावं तसं. मग ते बराच वेळ गुरगुरले. लाळ हनुवटीवर ओघळली. तिनं ती रुमालानं पुसली.

"काय म्हणतात?"

सवयीनं तिच्या ओठांवर 'हो म्हणतात' आलं. तेवढं म्हटलं की काम झालं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण जीव त्यांचा होता. त्यात साखर घालणारी ती कोण?

"हे म्हणतात," तिचा आवाज अगदी सरळ होता, "या बिनडोक बाईच्या हातून नळीनं भरवून घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं. हिला चुलीवरचं दूध सांभाळता येत नाही, ही माझा जीव काय सांभाळणार?"

डॉक्टरबाईनं मान खाली घातली. जीभ लुळी पडल्यापासून साहेबांचं वाक्य आज प्रथमच जसंच्या तसं चारचौघांत उच्चारलं गेलं होतं. ते त्यांनी स्वतःही ऐकलं.

"साहेब," डॉक्टरबाई हळूच म्हणाली, "काकूंनी सांगितलं ते खरं असेल, तर एकदा डोळे मिटा. मी नळीचा विषय पुन्हा काढणार नाही."

बायको रुमालाची घडी घालत उभी राहिली.

साहेबांनी डोळे टक्क उघडे ठेवले. ते चुरचुरले, लाल झाले, पाणी गालावरून घरंगळलं, तरी त्यांनी पापणी लवू दिली नाही.