लाल स्प्रिंगा

बोरी गावात लिंबाजी मिस्त्रीच्या गॅरेजात पोत्यावर स्प्रिंगांचे दोन सेट मांडून ठेवले व्हते. काळ्या बसविल्या की गाडी एक इंच खाली येणार, लाल बसविल्या की दोन. गाडी नागेशची. पुण्याहून आणलेली मस्टँग, हळदीवानी पिवळी, बोनेट असं की त्याच्यावर दोघं आरामात जेवायला बसतील. उद्या तिची गावातून फेरी निघणार व्हती.

लिंबाजी म्हणला, आपल्या रोडाला काळ्याच बऱ्या. नागेशचा जीव लाल स्प्रिंगांवर, पण मारुतीच्या देवळापुढचा स्पीडब्रेकर आठवून त्याचं मन कचरायलतं. शेवटी त्यानं चुलतभावाला इचारायचं ठरवलं. गोपाळ जिंतूर-बोरी जीप चालवायचा, रोडावरचा खड्डा न् खड्डा त्याला मालूम.

गोपाळ मघापासून जीपला टेकून उभा व्हता. त्याचेच पाशिंजर उतरून मस्टँगसंगं फोटो काढायलते. एका बाईनं तर मोबाइल त्याच्याच हातात दिला. म्हणली, भाऊ, आमचा काढा, पण मागं ती जीप येऊ देऊ नका.

त्यानं काढला. जीप येऊ दिली न्हाई.

"दादा, तूच सांग," नागेश म्हणला. "लाल बसविल्या तर ब्रेकर लागन का?"

सकाळीच त्या ब्रेकरवर गोपाळचं स्वताचं डोकं जीपच्या टपाला आपटलं व्हतं.

"त्यो ब्रेकर? घासून घासून सपाट झालाय त्यो. लालच बसीव. गाडी कशी जिमिनीला चिटकून दिसली पाह्यजे."

लिंबाजीनं गोपाळकडं बघितलं. गोपाळ जीपच्या टायरकडं बघायलता.

त्यांच्या घरात नवी गाडी आली की पहिल्या फेरीला घरातली सगळ्यात थोरली बाई पुढं बसवायची. थोरली म्हंजी धुरपताबाई, गोपाळची माय. गोपाळच्या जीपची फेरी निघाली तवा तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. पाट मांडला, दोघांनी दंडाला धरलं, तरी पाय वर गेलाच न्हाई. तिनं खालूनच कुंकू लावलं अन् पुढची सीट रिकामीच गावभर फिरली. त्यो पाट अजून जीपमधी पडून व्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल स्प्रिंगा बसविलेल्या मस्टँगचं दार उघडलं. हितंबी मायला चढता येणार न्हाई, असं गोपाळ मनात म्हणायलता. पण चढायचं व्हतंच कुठं. धुरपताबाईनं दाराला हात लावला, पाठ केली अन् ओट्यावर टेकावं तशी टेकली. नागेशनं तिचे पाय उचलून आत ठेवले.

"हे बघ," ती गोपाळला म्हणली, "अशी घ्यायची असती गाडी."

गोपाळ जीप घेऊन पुढं गेला अन् मारुतीच्या पारावर जागा धरून बसला.

वाजतगाजत फेरी आली. मस्टँगची पुढची चाकं ब्रेकर वलांडून गेली, अन् पोटाखालून असा आवाज निघाला की वाजवणारे गप झाले. गाडी ब्रेकरवर बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरायली, धुरळा उडायला. लोक हसायले. गोपाळला रातभर आवरून धरलेलं हसू आता मोकळं करायचं व्हतं.

कोणीतरी म्हणलं, वजन कमी करा, म्हातारीला उतरवा. गोपाळ पारावरून उडी मारून गाडीकडं पळाला. दार उघडून त्यानं हात पुढं केला.

"माय, चल. उतर."

धुरपताबाईनं पदर सारखा केला.

"म्या कशाला उतरू? नागूनं सांगितलं मला, तुझ्याच सांगण्यावरून खाली केलीय म्हणं गाडी. मायचे गुडघे ध्यानात ठेवलेस रे बाबा." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "आता लाव जोर."

नागेश खाली मुंडी घालून स्टेरिंगला धरून बसला व्हता. गोपाळनं दार लावलं. जीपमधला पाट काढून आणला अन् मागच्या चाकाखाली दाबून बसविला. मग गाडीला खांदा लावला.

पाट कडाडला. गाडी हलली. मागच्या काचेतून त्याला मायचा पांढरा अंबाडा दिसायलता. तिनं मागं वळून बघितलं न्हाई. खिडकीतून हात भायेर काढून ती दोहीकडच्या लोकांना रामराम घालायलती.