आत्मचित्र

"पत्ता हाच ना मॅडम?" मोटारसायकल थांबवत सर्वेशने विचारलं.

दर्शनाने मोबाइलवर पुन्हा वाचलं. कोलशेत, खाडीकडचा रस्ता, सगुणाबाईंचं घर. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेले आणि मधोमध हे कौलारू घर, अंगणात सुकट वाळत घातलेलं.

"हेच असणार."

दर्शना दूरशिक्षणात कलेचा इतिहास शिकवायची. रविवारी दुपारी, कल्याणच्या घरात, लॅपटॉपसमोर बसून. बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे, नाहीतर संसारातल्या बायका. कॅमेरे बंदच असायचे. तिच्या ओळखीचे होते ते फक्त आवाज.

त्यातला एक रुपालीचा. पडद्यावर चित्र आलं की ती आधी गप्प व्हायची आणि मग असं काही बोलायची, की दर्शनालाही ते चित्र पुन्हा बघावंसं वाटायचं. अशी विद्यार्थिनी तिला इतक्या वर्षांत भेटली नव्हती.

मध्येच रुपाली यायची बंद झाली. फोन लागेना. मागच्या आठवड्यात अचानक तिचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. "मॅडम, प्रोजेक्ट होत आलाय. आत्मचित्रच काढतेय. वर्गात नाही येता येणार मला, पण नापास करू नका. एवढं एकच आहे माझ्याकडे." मागे कुठेतरी दार वाजलं आणि बोलणं तुटलं.

सर्वेश त्याच वर्गातला. प्रवेश उशिरा घेतलेला, अभ्यासात यथातथा, पण मदतीला तत्पर. "एकदा जाऊन बघूया का मॅडम? काही बरंवाईट झालं असलं तर?" असं त्यानेच सुचवलं होतं. दर्शनाने अभ्यासकेंद्रातून पत्ता मिळवला. विठ्ठलवाडीहून येऊन त्याने तिला घेतलं, आणि कशेळीच्या पुलावरून ते इथवर आले होते.

"मी बाहेरच थांबतो," तो म्हणाला. "पुरुष माणूस असला की बायका मोकळं बोलत नाहीत."

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. याच सगुणाबाई, रुपाली ज्यांच्याकडे राहायची त्या. दर्शनाने नाव सांगितलं, कॉलेजातून आले म्हणाली. सगुणाबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "रुपाली नाय आता. खाडीन बुडली. तीन वर्सं झाली."

दर्शनाच्या हातातला पेला तसाच राहिला.

"असं कसं होईल? ती याच वर्षी माझ्या वर्गात होती. मागच्या आठवड्यात मी तिचा आवाज ऐकलाय."

"आमाला पन येतो आयकाला," सगुणाबाई म्हणाल्या. "कवा कवा."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एका तरुण बाईचं तैलचित्र होतं, त्याला हार घातलेला. चेहरा साधा, डोळे मात्र थेट बघणाऱ्यावर रोखलेले. दर्शनाच्या अंगावर काटा आला. आतल्या खोलीत काहीतरी हललं, की तिला तसा भास झाला. पंखा बंद होता. घरात तैलरंगात मिसळतात त्या जवसाच्या तेलाचा मंद वास होता.

"कोणी काढलं हे?"

"पेंटरनी. फोटो दिलेला. ती गेली तवाच."

दर्शना उठून चित्राजवळ गेली. चमकी उजव्या नाकपुडीत होती. पदरही उजव्या खांद्यावर. आरशात दिसावं तसं सगळं उलटं. आणि ती नजर फोटोवरून आलेली नव्हती. समोरच्या आरशात पुन्हा पुन्हा डोकावून स्वतःला शोधणाऱ्या माणसाची होती. कानातल्याजवळ रंग जाड लागला होता. दर्शनाने हार किंचित बाजूला करून तिथे बोट टेकवलं.

बोटाला पिवळा रंग लागला. ओला.

तिने वळून पाहिलं. सगुणाबाई तिच्या बोटाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

दर्शनाने रुमालाला बोट पुसलं. हार होता तसा नीट केला.

"फार चांगलं चित्र आहे," ती आतल्या दाराकडे बघत, जरा मोठ्याने म्हणाली. "जिने काढलं, तिला मी पहिल्या वर्गात पास केलं असतं. केलंच समजा."

दाराआड कोणीतरी श्वास आत ओढला. सगुणाबाईंनी दर्शनाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

बाहेर ऊन कलत होतं. दर्शनाच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. सर्वेश मोटारसायकलला टेकून उभा होता. तिला बघताच सरळ झाला.

"भेटली?"

"गेली म्हणतात. तीन वर्षांपूर्वी, खाडीत बुडून."

तो खाली बसला. चेहऱ्यावर हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले. इतका वेळ धीर दिला तो यानेच. दर्शनाला राहवेना.

"सर्वेश, ऐका. कोणाला बोलायचं नाही. ती जिवंत आहे. आतच आहे. भिंतीवरचं चित्र तिनेच काढलंय, रंगही वाळलेला नाही. कोणाला तरी घाबरून लपलीय बिचारी."

सर्वेशने डोळे पुसले. "नक्की ना मॅडम? तुमची खात्री आहे?"

"शंभर टक्के."

तो उठला. गाडीची चावी काढून खिशात टाकली, शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"तुम्ही आता रिक्षाने जा मॅडम," तो अदबीने म्हणाला. "मी आतून बायकोला घेऊन येतो."