खंडेनवमीचं मशीन

"मशीनच पुजायचं होतं, तर माझा मिक्सर काय मेला होता?" सुहासिनी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली आणि पोह्यांची बशी जरा आपटूनच ठेवली.

दिवाकररावांनी बशीकडे पाहिलं नाही. त्यांच्या हातात मुलाचा, सुजयचा, व्हिडिओ गेम होता. हाताच्या पंज्यात मावणारा, करडा, कॉलेजात असताना त्याने जेल रोडवरच्या दुकानातून जुना घेतलेला. कालच्या हळदीची बोटं त्यावर अजून होती, कुंकवाचं स्वस्तिक होतं, आणि मागे कॅसेट खुपसायच्या खाचेत झेंडूची पाकळी. बटण सरकवलं की लाल दिवा लागत होता. पण पडद्यावर अक्षरं यायची तिथे काळी पट्टी वरून उतरत होती आणि मध्येच अडकून बसत होती.

कापडाच्या मिलमध्ये दिवाकरराव जॉबर होते. बंद पडलेला लूम चालू करून देणं, एवढंच आयुष्यभर केलं. खंडेनवमीला लूम पुसायचा, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याला तो पहिल्या झटक्यात चालला की वर्ष चांगलं. मिल बंद झाल्यावरही चौकीदार खंडेनवमीला त्यांना दिंडीदरवाज्यातून आत सोडायचा. काल मात्र ते हार तसाच हातात घेऊन परत आले. गेटला कुलूप होतं, म्हणाले.

मग घरात फिरत राहिले. शिलाई मशीन सुहासिनीने स्वतःच पुजलं होतं, आणि सध्या घर त्याच्यावरच चालत असल्यामुळे त्याला दुसऱ्याने हात लावायची हिंमत करू नये. मिक्सर हे दिवाकररावांच्या लेखी मशीनच नव्हतं. शेवटी सुजयच्या उशाशी हा गेम सापडला. हार लूमच्या मापाचा. घातल्यावर गेम दिसेनासाच झाला.

सुजय पीथमपूरला एका कारखान्यात होता, आणि तिथे बाबांसाठीही बोलून आला होता. मेंटेनन्सचं काम, उद्यापासून. दुपारच्या बसने त्यांना घेऊनच जायचं, या हिशोबाने तो आला होता. दिवाकररावांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दसरा येऊ दे, एवढंच काल म्हणाले. पुजलेलं मशीन चाललं, की मिलचंही काहीतरी होईलच.

काल येताना सुजयने बसच्या खिडकीतून मिलबाहेर उभे असलेले ट्रक पाहिले होते. त्यात काय भरलं होतं, ते त्याने फक्त आईला सांगितलं होतं, स्वयंपाकघरात, नळ सोडून.

आता, दसऱ्याच्या सकाळी, तो बाबांसमोर मांडी घालून बसला. सेल काढले, टोकं पँटला घासली, परत घातले. काळी पट्टी. कॅसेट काढून तो फुंकर मारणार, तेवढ्यात दिवाकररावांनी त्याचं मनगट धरलं.

"तोंडाची ओल जाते आत. मशीनला ओल चालत नाही."

"आणि तुमचं ओलं कुंकू चालतं?" सुहासिनी म्हणाली.

"आई, यार," सुजय म्हणाला, पण हसू त्यालाही आलं. कॅसेटच्या पितळी दातांवर खरंच लाल थर वाळला होता. खोडरबराने निघेना. दिवाकररावांनी स्टोव्हचं स्पिरिट मागितलं आणि एक मऊ चिंधी. सुहासिनी आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिच्या हातात मिलच्या मलमलीचा तुकडा होता. दिवाळीला कामगारांना वाटायचे, त्यातला शेवटचा. इतकी वर्षं तिने त्याला कात्री लावली नव्हती. आता तिने दातांनी कड तोडली आणि एक पट्टी फाडून दिली.

दिवाकररावांनी ती काडीला गुंडाळली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि एकेक दात पुसू लागले. अंगठ्याने दाबायचे, पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे. सुजय बघत राहिला. लहानपणी डबा द्यायला जायचा तेव्हा बाबांचा चेहरा असाच असायचा, हाक मारलेली ऐकू न येणारा. पोह्यांवरची शेव मऊ पडली.

खाच पुसली. स्पिरिट उडेपर्यंत थांबले. कॅसेट बसली. सुजयने गेम पुढे केला. "तुम्हीच लावा, बाबा. पुजलाय तुम्ही."

दिवाकररावांनी डावा तळवा गेमच्या पाठीला लावला, लूम सुरू करताना लावत तसा. बटण सरकवलं.

दिवा लागला. अक्षरं वरून सावकाश उतरली, सगळीच्या सगळी, मध्यावर थांबली, आणि बारीकसा टिंग असा आवाज झाला.

"पहिल्या झटक्यात," सुजय म्हणाला, आधीचे झटके न मोजता.

"शुभ झालं," सुहासिनी घाईघाईने म्हणाली. "आता खा दोन घास."

दिवाकरराव पडद्याकडे बघत होते. गेमचं बारीक गाणं वाजत राहिलं. मग त्यांनी बटण बंद केलं आणि कोपऱ्यात पडलेला झेंडूचा हार ओढून मांडीवर घेतला. फुलं कडेने काळी पडायला लागली होती.

"गेटला कुलूप नव्हतं काल," ते म्हणाले. "उघडंच होतं."

हारातलं एक काळं पडलेलं फूल त्यांनी खुडून बाजूला ठेवलं.

"मिल नाही उघडायची आता. माझा लूम ट्रकमध्ये उलटा टाकला होता, भंगाराच्या अगदी वर. हार घालायला गेलो मी. हात पोचला नाही."