मापाचे भांडे

रुग्णालयात बाबांच्या खाटेशी उभे राहून डॉक्टर लघवीच्या मोजमापाच्या नोंदी बघत होते. बाबांचा श्वास, खोल पाण्यातून वाट काढावी तसा, वर येत होता.

अखेर डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलेलंच होतं, आता किडन्याही मागे पडताहेत. पण लघवी तर भरपूर होतेय. म्हणजे औषधाने अंगातलं पाणी गरजेपेक्षा जास्त निघतंय. डोस कमी करतो."

"बघितलंस?" बाबा धापा टाकत मला म्हणाले. "तुझा बाप एका विषयात तरी पास!"

डॉक्टर गेल्यावर मी हात धुवायला न्हाणीघरात शिरले. आई पाठमोरी उभी होती. लघवी मोजायच्या भांड्यात तळाशी जेमतेम गडद पिवळा थर होता, आणि त्यावर ती नळाचे पाणी सोडत होती, अगदी हलक्या हाताने, रोपाला घालावे तसे.

"भांडं रिकामं दिसलं की ते धीरच सोडतात गं," ती पुटपुटली. "एवढ्याने काय बिघडतंय?"



बाहेर बाबांनी आशेने विचारले, "आज किती झाली गं?" आणि मी तडक डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागले.